वेटिंग हॉलचा आराखडा पेशंटच्या बाकड्यावरून बघा

तालुक्याच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात सोमवारी सकाळी अकराला जाऊन बघा. केसपेपरच्या खिडकीची रांग दारापर्यंत आलेली, खोकणारे आजोबा आणि दिवस गेलेली बाई एकाच बाकड्यावर, आणि तीन नंबरची खोली कुठं आहे हे सिस्टरला विचारणारी दहा माणसं. सगळ्यात जास्त माणसं वेटिंग हॉलमध्ये बसतात आणि आराखडा काढताना सगळ्यात कमी विचार त्याचाच होतो.

यावर आता एक तंत्र आलंय. ऑगमेंटेड रिॲलिटी, थोडक्यात एआर. मोबाईल किंवा टॅब समोर धरायचा. खरा हॉल दिसतो आणि त्यातच अजून न केलेले बदलही दिसतात: नवी बाकडी, पाट्या, खिडक्या, जागच्या जागी. विटा यायच्या आधीच कळतं की भिंत कुठं आडवी येणार. "आमच्याकडे पंखा चालत नाही आणि तुम्ही हे काय घेऊन बसलात?" असं कुणी म्हणेल. रास्त आहे. पण यामागची कल्पना जुनी आहे, आणि तिचा इतिहास आपल्या कामाचा आहे.

फिनलंडमध्ये पायमिओ इथं क्षयरोग्यांसाठी दवाखाना बांधायचा होता. आल्वार आल्टो या वास्तुरचनाकाराला १९२९ मध्ये ते काम मिळालं आणि १९३३ मध्ये इमारत उभी राहिली. त्यानं साधा प्रश्न धरला: दिवसभर पडून असलेल्या माणसाला दिसतं काय? छत! म्हणून छताला डोळ्यांना शांत वाटेल असा गडद रंग दिला आणि दिवे डोळ्यांत घुसणार नाहीत असे लावले. वॉशबेसिनला असा कोन दिला की पाणी पडल्याचा आवाज शेजारच्या पेशंटला होऊ नये.

पुढं १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात किओ इझुमी नावाचा वास्तुरचनाकार मनोरुग्णालयांवर काम करत होता. पेशंटला इमारत कशी भासते हे समजावं म्हणून त्यानं मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांच्या सोबतीनं स्वतः एलएसडी घेतलं! आज कुणी असं करू नये. पण लांबलचक, एकसारखे कॉरिडॉर आजारी मनाला किती भेदरवतात हे त्याला कळलं, आणि त्याचा परिणाम पुढच्या इमारतीच्या रचनेवर झाला.

एआरचा जन्म मात्र दवाखान्यात झालेला नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या बोइंग कंपनीत टॉम कॉडेल यांनी हा शब्द रूढ केला. विमानातली कुठली वायर कुठून न्यायची हे कामगाराला डोळ्यांसमोरच दिसावं, एवढाच हेतू होता. म्हणजे हे काम करणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी निघालेलं साधन आहे. दवाखान्यात ते कुणाच्या सोयीसाठी वापरायचं, हा खरा प्रश्न.

कारण चित्रात सगळं दिसत नाही. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ दवाखान्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खिडक्या उघड्या असताना १९५० पूर्वीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत तासाला सुमारे ४० वेळा हवा बदलत होती. नव्या पद्धतीच्या खोल्यांत १७ वेळा, आणि यंत्रानं हवा खेळवणाऱ्या खोल्यांत १२ वेळा. क्षयाच्या जंतूंना कोंदट हवा मानवते, त्यामुळं हा जीवनमरणाचा हिशोब आहे. पुढं तिथल्याच वेटिंग रूममध्ये खिडक्या आणि छतात झरोके काढल्यावर संसर्गाचा धोका बराच उतरला. खर्चही फार नव्हता.

आपल्याकडे मात्र जुनी कौलारू, उंच छताची इमारत पाडून बंद काचांची चकाचक इमारत आली की आपण टाळ्या वाजवतो. टॅबवर ती आणखी सुंदर दिसेल. कोंडलेली हवा दिसणार नाही, दोन तासांची ताटकळ तर नाहीच नाही.

म्हणून मागणी एवढीच. आपल्या तालुक्यात नवी इमारत किंवा दुरुस्ती निघाली, तर टेंडरच्या आधी आराखडा त्याच जागेवर, टॅबवर, लोकांना दाखवा. टॅब आधी साहेबांच्या हातात नको. व्हीलचेअरवरच्या माणसाला द्या, वाचता न येणाऱ्या आजीला द्या, लेकरू कडेवर घेतलेल्या आईला द्या. "केसपेपर कुठं काढाल? संडास कुठं आहे?" एवढंच विचारा. आजी अडखळली तर चूक आराखड्याची. खिडक्या किती आणि त्या उघडतात का, हे वेगळं विचारा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा विषय लावता येतो, त्याला मंत्रालयात जायची गरज नाही.

आल्टोकडे टॅब नव्हता. पेशंटच्या जागी स्वतःला ठेवायची तयारी होती. ती असेल तर एआर कामाचं, नसेल तर उद्घाटनाच्या दिवशीचं आणखी एक खेळणं.

तुमच्या तालुक्यात वेटिंग हॉलच्या किती खिडक्या उघडतात? मोजून सांगा.