एम्प्रेस मिलचा वस्तुपाठ

१ जानेवारी १८७७ रोजी, दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरत असतानाच, नागपुरात जुम्मा तलावाकाठच्या दलदलीत भराव घालून जमशेटजी टाटांनी उभारलेली कापडगिरणी सुरू झाली आणि त्या प्रसंगावरून एम्प्रेस मिल हे नाव पावली. दरबाराचा थाट केव्हाच लयाला गेला. या गिरणीने श्रमिकाकडे पाहण्याची जी रीत घालून दिली, तिचे मोल मात्र आजही उणावलेले नाही.

गिरणीचा कारभार ज्या बेझनजी दादाभाई मेहतांच्या हवाली झाला, ते जी. आय. पी. रेल्वेच्या माल-खात्यातील अंमलदार. कापडाच्या धंद्याशी त्यांचा पूर्वसंबंध नव्हता. परंतु अंगी कर्तबगारी असेल तर हुन्नर शिकता येतो, हा जमशेटजींचा भरवसा बेझनजींनी लँकेशायरहून आलेल्या जेम्स ब्रुक्सबींच्या साहाय्याने सार्थ केला. पुढे सुशिक्षित देशी तरुणांनाही उमेदवार म्हणून घेऊन तेथे काम शिकविण्यात येऊ लागले.

खरी अडचण होती ती मजुरांच्या गैरहजेरीची. घरची शेती, सणवार, लग्नसराई ज्याच्या मागे आहेत, असा खेडुत भोंग्याच्या हुकमतीत एकाएकी कसा यावा? अशा वेळी दंडाचा बडगा उगारणे सोपे. येथे मात्र चोख कामाला बक्षिसे लावून आणि भविष्याची तरतूद करून माणसाचे मन गिरणीत रमविण्याचा यत्न झाला. वैशाखातल्या कोरड्या हवेत चातीवरचा धागा वारंवार तुटतो आणि तो सांधता सांधता कामगाराची बोटे शिणून जातात. म्हणून खात्यात आर्द्रता राखणारी यंत्रे बसविली, ती सुताइतकीच माणसालाही उपकारक ठरली.

१८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी, १८९५ पासून अपघाताची भरपाई आणि १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी, अशी ही योजना क्रमाने वाढत गेली. सरकारला नुकसानभरपाईचा कायदा करावयास १९२३ साल उजाडले आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा तर स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली आला.

मालकाच्या औदार्यातून मिळालेल्या सवलती मालकाच्या मर्जीवर अवलंबून असतात, हे विसरून चालणार नाही. त्यांचे हक्कांत रूपांतर होण्यासाठी संघटित कामगारांचा लढा आणि कायद्याची सनद दोन्ही आवश्यक होती. तथापि कायदा निधीची सक्ती करू शकतो, माणसातील गुण हेरून त्याला वाव देण्याची सक्ती करू शकत नाही. ती जबाबदारी आजही प्रत्येक कारखानदाराच्या आणि खातेप्रमुखाच्या शिरावर आहे.