पतइतिहास
पतइतिहास म्हणजे व्यक्तीने घेतलेल्या कर्जांची व त्यांच्या परतफेडीची नोंद. सातारा-सांगली भागात ही नोंद पूर्वी सावकाराच्या खतावणीत असे. कूळ बहुधा निरक्षर, त्यामुळे ती तपासणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील १८७५ च्या दंग्यांत शेतकऱ्यांनी कर्जरोखेच हिसकावून जाळले. त्यानंतर शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी झालेला १८७९ चा कायदा सातारा जिल्ह्यालाही लागू होता (तासगाव, वाळवा हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते). न्यायालयाने व्यवहार मुळापासून तपासावा, सावकाराने ऋणकोला पावती व हिशेब द्यावा, असे त्याने ठरवले.

आज ही नोंद २००५ च्या कायद्याखालील चार पतमाहिती कंपन्यांकडे असते. ३०० ते ९०० मधील पतगुणांकाला लोक सरसकट 'सिबिल' म्हणतात, वास्तविक ते एकाच कंपनीचे नाव आहे. घरकर्जाची मंजुरी व व्याजदर त्यावर बऱ्याच अंशी अवलंबून असतात. सरकारी बँकांच्या नोकरभरतीतही पतइतिहास पाहिला जातो. दुसऱ्याच्या कर्जाला भिडेखातर जामीन राहिलेल्याच्या नोंदीतही ती थकबाकी उतरते, हे अनेकांना स्वतःचे कर्ज नाकारले गेल्यावरच कळते. २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चूक आढळल्यास दुरुस्तीची मागणी करता येते. तिच्यासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत घातली आहे.