निजामाची जोडवी

हैदराबादच्या निजामाच्या दागिन्यांचा विषय निघाला की गप्पा किमतीवर येतात आणि तिथेच संपतात. जेकब हिरा 184.75 कॅरेटचा. सात सरांच्या 'सतलड्या'त 465 बसरा मोती. एकूण 173 नग, आणि 1995 साली त्यांच्यासाठी भारत सरकारने मोजलेले सुमारे 218 कोटी रुपये. मला मात्र त्या संग्रहात सर्वांत जास्त गुंतवले ते जोडव्यांनी. होय, पायांच्या बोटांतली जोडवी! शिरपेच, कंठे, बाजूबंद, कमरपट्टे, घड्याळाच्या साखळ्या आणि कोटाची बटणे यांच्या पंगतीत ती बसली आहेत. शिरपेच राजाचा असतो, तो दरबारात मिरवायचा. जोडवी कुणातरी बाईच्या पायांत होती. तिचे नाव काय, ती कुठल्या दालनात राहायची, चालताना तिला ती टोचत होती का, यासाठी कुठल्याच यादीत रकाना नसतो. मी सरकारी कारकून. आयुष्यभर रकाने भरत आले आहे, म्हणून हे माझ्या लगेच लक्षात येते. अनुक्रमांक, वर्णन, नग, वजन, किंमत, शेरा. घालणाऱ्या माणसाचा आला तर शेऱ्यात, तोही क्वचित.

जेकब हिऱ्याचीच गोष्ट घ्या. 1891 साली सिमल्याचा जवाहिऱ्या अलेक्झांडर माल्कम जेकब याने तो सहावे निजाम मीर महबूब अली खान यांना विकायला आणला. सौदा फिसकटला, प्रकरण कलकत्त्याच्या हायकोर्टात गेले, आणि प्रत्यक्ष निजामाला जबानी द्यावी लागली. राजाला ही नामुष्कीच वाटली असणार. हिरा पदरात पडला, पण मनातून उतरला. सांगतात की 1911 साली महबूब अली खान वारल्यानंतर त्यांचे चिरंजीव मीर उस्मान अली खान यांना तो चौमहल्ला राजवाड्यात वडिलांच्या जुत्याच्या टोकात, फडक्यात गुंडाळलेला सापडला. चिरंजीवांनी काय करावे? तो टेबलावर कागद दाबायला ठेवला! लोक हा किस्सा विक्षिप्तपणाचा म्हणून सांगतात. मला तो तसा वाटत नाही. वडिलांची एक कटू आठवण मुलाच्या टेबलावर येऊन साधी वस्तू झाली. आपल्या घरांतही असेच होते. आजोबांनी जी वस्तू कुणाला हात लावू दिली नाही, तिच्याशी नातवंडे खेळतात.

बापलेकांचा स्वभावही दोन टोकांचा. महबूब अली खान यांनी एकदा घातलेला पोशाख पुन्हा अंगाला लावला नाही, अशी त्यांची ख्याती. पुरानी हवेलीत त्यांचे कपड्यांचे दालन आहे. एकशे शहात्तर फूट लांब, दोन मजली लाकडी कपाटांची रांग, आणि वरच्या मजल्यावर जायला हाताने फिरवायचा लाकडी पाळणा. काही वर्षांपूर्वी खात्याच्या प्रशिक्षणासाठी मी हैदराबादला पाच दिवस होते, तेव्हा सुटीचा दिवस साधून ते पाहून आले. त्या दालनातून बाहेर पडताना लक्षात राहतात ती कपाटे, कपडे नव्हेत. साहजिकच आहे. जो कपडा दुसऱ्यांदा अंगावर चढला नाही, त्याला अंगाचा वास लागणार कसा? उलट उस्मान अली खान, एके काळी जगातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ, ठिगळाची शेरवानी आणि जुनाट फेज टोपी वर्षानुवर्षे वापरत. त्यांची एखादी टोपी कुणा नातवाने जपून ठेवली असेल, तर तिला मी सतलड्यापेक्षा वरचा मान देईन.

असो. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पुढे 1951 आणि 1952 साली उस्मान अली खान यांनी या दागिन्यांचे दोन विश्वस्त निधी केले. आपल्यामागे दागिन्यांची पांगापांग होऊ नये, वारसांना हक्काचा आधार राहावा, असा त्यात हिशेब. 1967 साली ते वारले. सत्तरच्या दशकात विश्वस्तांनी दागिने विकायला काढले, सरकारने हा देशाचा ठेवा आहे म्हणून अडवले, आणि कज्जा दोन दशके चालला. अखेर 1995 मध्ये व्यवहार पुरा झाला. पैसे वारसांत वाटले गेले, दागिने रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत गेले. 2001 पासून मोजक्या वेळा ते दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात लोकांना दाखवले गेले. सरकारचे चुकले असे मी म्हणणार नाही. लिलावात ते परदेशी गेले असते, तर आपल्याला छायाचित्रांवर समाधान मानावे लागले असते. पण वारसांपैकी कुणाला आजीच्या हातातली एखादी बांगडी पाहावीशी वाटली, तर तिलाही तुमच्याआमच्याबरोबर तिकिटाच्या रांगेत उभे राहावे लागणार, हेही तितकेच खरे.

गोव्याच्या वाचकांना हे वाचताना आपली एक जखम आठवली असेल. 1961 च्या डिसेंबरात मुक्तीच्या तोंडावर 'बांको नासियोनाल उल्त्रामारीनु'ने गोमंतकीयांनी तारण ठेवलेले सोने लिस्बनला हलवले. ते राजाचे जडजवाहीर नव्हते. पाटल्या, कुड्या, साखळ्या, केसांत माळायची सोन्याची फुले, असला बायकांचा ऐवज. कुणी शेतीसाठी ठेवलेला, कुणी आजारपणासाठी, कुणी मुलीच्या लग्नासाठी. पीक आले की सोडवून आणू, या बोलीवर. ते परत आले 1991 साली, स्टेट बँकेमार्फत. तीस वर्षे! तोवर ठेवणाऱ्यांतले किती तरी जण वारले होते. ज्या मुलीच्या लग्नासाठी पाटल्या गहाण पडल्या, ती स्वतः आजी झालेली. या तीस वर्षांत सोन्याचा भाव कितीतरी पटींनी चढला, म्हणजे हिशेबाने पाहिले तर नुकसान नाहीच. पण ज्या नवरीच्या हातांत त्या पाटल्या दिसायच्या होत्या, ती ओक्या हातांनी बोहल्यावर चढली, ते कुठल्या व्याजात बसवणार?

भावनेची किंमत करता येत नाही असे आपण म्हणतो. आपल्या गोव्यात मात्र ती कागदावर येते. आपल्याकडे वारसाहक्काची 'इन्वेंतारी' होते, तीत दागिनेही यादीत धरतात, त्यांचे मोल ठरवतात आणि वारसांना आपसात बोली लावता येते. मुलगा-मुलगी सारखेच वाटेकरी. माझ्या माहितीतल्या एका घरात आईच्या कुड्यांवर दोघी बहिणींनी अशी बोली लावली. सोनाराने ठरवलेल्या मोलाच्या जवळजवळ तिप्पट आकडा गेला. भाऊ गप्प बसून होते, त्यांना घराशी मतलब. जिने कुड्या घेतल्या तिने वरचे पैसे इतरांना चुकते केले. सोन्याचे मोल आणि शेवटची बोली यांच्यामधला तो आकडा मी स्वतः पाहिला आहे. आईचा तेवढा भाग त्या दिवशी रुपये-पैशांत लिहिला गेला होता. (दोघी बहिणी आता एकमेकींकडे चवथीला जात नाहीत, हा त्याचा शेरा.)

कपड्यांचे नशीब दागिन्यांहून वाईट. सोने वितळले तरी सोनेच राहते, साडी विरते. त्यातून खरी जर असली तर आणखी धोका. पदर जाळून चांदी काढणारे व्यापारी गावोगाव फिरत, आणि कित्येक शालू असे राख झाले. या बाबतीत निलोफर शहजादीची हकिकत मला लागते. तुर्की राजघराण्यातली ही मुलगी 1931 साली फ्रान्समधल्या नीस शहरी उस्मान अली खान यांच्या धाकट्या मुलाला, मोअज्जम जाह यांना दिली. हैदराबादला येऊन ती साडी नेसू लागली आणि तिच्या साड्यांची चर्चा युरोपपर्यंत झाली. पैठण तेव्हा निजामाच्या राज्यात. पैठणीच्या पदरावर आणि काठांवर नवी नक्षी तिने आणवली, असे पैठणीचा इतिहास सांगणारे सांगतात. म्हणजे आपल्या लग्नघरांतल्या एखाद्या पैठणीत तिचाही धागा असू शकेल. तिला मूल झाले नाही. एक दासी बाळंतपणात दगावली, त्याचा तिने ध्यास घेतला आणि त्यातून बायकामुलांसाठी इस्पितळ उभे राहिले. ते आजही तिच्या नावाने चालते. 1952 साली काडीमोड झाली, 1989 साली ती पॅरिसमध्ये वारली. नेसायला लेक नाही, सून नाही. तिच्या काही साड्या आता न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संग्रहात आहेत. साडीच्या दृष्टीने उत्तम सोय झाली म्हणायची, कसर लागणार नाही.

हैदराबादेत मुसलमान नवरीच्या गळ्यात सासरची माणसे काळ्या मण्यांचा 'लच्छा' घालतात. त्याला तिथे 'काली पोत' म्हणतात. पोत! आपलाच शब्द, आपलेच काळे मणी, आणि नवऱ्याच्या नावाचा तोच अर्थ. चारमिनारजवळच्या एका लहानशा पेढीवर मी मोत्यांच्या कुड्यांचा भाव करीत बसले होते, तेव्हा शेजारी एक बुरखेवाली बाई आपल्या सासूचा जुना लच्छा घेऊन आली. सोने वितळवून नव्या घडणीचे करायचे होते. सोनाराने तूट किती धरणार ते सांगितले, तिने मान डोलावली. त्यावर मिनिटभरही घासाघीस नाही. मग त्याने जुने मणी बाजूला सारून नव्या मण्यांची लड पुढे केली, तशी तिने पटकन हात आडवा घातला. "नवे मणी नक्को," ती म्हणाली, "अम्मी के हैं ये." काचेचे मणी, काही तडकलेले. सोनाराने ते एका कागदात गुंडाळले, वर पेन्सिलीने तिचे नाव लिहिले आणि सोन्यापासून वेगळे ठेवले.