कटिंग मॅट उन्हात का वाकते? ती स्वच्छ कशी करायची, टिकवायची कशी?

मे महिन्यात गोंदिया जिल्ह्यात पारा अनेकदा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. टिनाच्या छताखाली किंवा खिडकीजवळ शिवणाचं सामान ठेवलं असेल, तर त्यातली एक वस्तू या उन्हात कायमची बिघडू शकते. ती म्हणजे कटिंग मॅट.

मोठी मॅट घ्यायची तर बरेच पैसे मोजावे लागतात. घरी शिलाईकाम करणाऱ्या महिलेसाठी किंवा बचत गटासाठी हा खर्च छोटा नाही. नीट वापरली तर हीच मॅट अनेक वर्षं साथ देते.

कटिंग मॅट म्हणजे काय?

कात्रीने कापड कापायला साधं टेबल पुरतं. पण पिझ्झा कटरसारखं गोल पातं असलेलं रोटरी कटर वापरायचं तर खाली मॅट लागतेच. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये रोटरी कटर बाजारात आणलं आणि क्विल्टिंगची पद्धतच बदलली. एका वेळी कापडाचे अनेक थर सरळ रेषेत कापता येऊ लागले.

शिवणासाठी वापरली जाणारी मॅट बहुतेकदा पीव्हीसीची असते. आत थोडा टणक थर आणि वर-खाली मऊ थर असतात. पातं फिरलं की वरचा थर बाजूला सरकतो आणि नंतर चीर मिटते. म्हणून तिला 'सेल्फ हीलिंग' म्हणतात. पण चीर पुन्हा जोडली जात नाही, ती फक्त मिटते. त्यात धागे किंवा धूळ अडकली, तर तीही मिटत नाही.

उन्हाने नेमकं काय होतं?

पीव्हीसी साधारण ७५ ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. लवचीकपणासाठी इतर घटक मिसळलेले असतील, तर त्याआधीच. उन्हात उभ्या असलेल्या बंद कारमध्ये तापमान सहज ६० अंशांवर जातं. मॅट गाडीत राहिली, भिंतीला टेकवून ठेवली किंवा गुंडाळली, तर त्याच आकारात वाकते.

मॅटवर इस्त्री करणं तर सर्वात धोक्याचं. सुती कापडासाठी इस्त्री २०० अंशांच्या जवळपास तापते. गरम चहाचा कपही मॅटवर ठेवू नये.

थोडी वाकली तर काय बिघडतं?

वाकलेल्या मॅटवर पट्टी सपाट बसत नाही, कापड सरकतं आणि माप चुकतं. जुन्या लुगड्यांचे थर लावून हाताने धावदोरा घातलेल्या पारंपरिक गोधडीत थोडा फरक खपून जातो. चौकोनी तुकड्यांच्या क्विल्टमध्ये तसं होत नाही. एका ओळीत १२ तुकडे असतील आणि प्रत्येक तुकडा २ मिलिमीटरने कमी कापला गेला, तर ओळ २४ मिलिमीटरने, म्हणजे जवळपास एक इंचाने आखूड होते. मग वरची ओळ खालच्या ओळीशी जुळत नाही आणि कापड वाया जातं.

रोजची सफाई कशी करायची?

• काम संपल्यावर मऊ ब्रशने किंवा कोरड्या कापडाने धागे झटकावेत.

• चिरांमध्ये अडकलेला कापूस पेन्सिलच्या साध्या खोडरबराने घासून किंवा चिकट टेपने काढावा.

• टाचण्या आणि सुईची तुटलेली टोकं उचलावीत. त्यावरून पातं गेलं की पात्याला खाच पडते.

धुवायची कशी?

मॅट खूप मळली असेल, तर भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे दोन-चार थेंब थंड किंवा कोमट पाण्यात टाकून मऊ स्पंजने हलक्या हाताने पुसावी. तारेची घासणी वापरू नये. अनेक क्विल्टर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून १५-२० मिनिटं मॅट भिजवतात. मात्र, त्याआधी सोबत आलेल्या सूचना वाचाव्यात.

उन्हाळ्यात छतावरच्या टाकीचं पाणी दुपारी चांगलंच तापतं. म्हणून मॅट सकाळी लवकर धुवावी. धुतल्यावर कोरड्या कापडाने पुसावी, म्हणजे बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहत नाहीत. मग सावलीत, सपाट जागी वाळू द्यावी. थिनर, अॅसिटोन, पेट्रोल किंवा ब्लीच वापरू नये. त्याने छापलेल्या रेषा पुसल्या जातात आणि पृष्ठभाग खराब होतो.

आयुष्य कसं वाढवायचं?

• पातं सरळ उभं धरावं आणि बोथट झालं की लगेच बदलावं. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि मॅट खोल चिरते.

• रोज एकाच रेषेवर कापू नये. मॅट अधूनमधून फिरवावी. दोन्ही बाजू कापण्याजोग्या असतील, तर उलटूनही वापरावी.

• कागद, कार्डबोर्ड किंवा हस्तकलेसाठी वेगळी मॅट ठेवावी.

• काम नसताना मॅट पलंगाखाली किंवा कपाटावर आडवी ठेवावी. टिनाच्या छताला लागून ठेवू नये.

वाकलेली मॅट सरळ होते का?

थोडी वाकली असेल तर प्रयत्न करता येतो. मॅट सपाट फरशीवर ठेवून काही मिनिटं ऊन द्यावं. कोमट आणि लवचीक झाली की तशीच सावलीत सपाट जागी न्यावी आणि वर जड पुस्तकं किंवा पाट ठेवून रात्रभर राहू द्यावी. हा उपाय दर वेळी लागू पडेलच असं नाही. लाटांसारखी वाकलेली मॅट सहसा पूर्ववत होत नाही.

पातं एकाच जागी अडखळू लागलं, चिरा मिटेनाशा झाल्या किंवा रेषा दिसेनाशा झाल्या, की मॅट बदलावी. तिचे सपाट राहिलेले तुकडे कापून छोट्या कामांसाठी वापरता येतात.