पलुस्करांची अर्धी शाळा

संगीतात बी.ए. किंवा एम.ए. करून कोणी गवई होतो का, हा प्रश्न मैफलींच्या मध्यंतरात आणि पालकांच्या बोलण्यात गेली कित्येक दशके येतो आहे, आणि विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते: विद्यापीठ पदवी देते, गाणे गुरूकडेच मिळते. या उत्तरात तथ्य आहे. पण त्यामागे जो इतिहास गृहीत धरला जातो, तो तसा घडलेला नाही. एकीकडे गुरूचे घर आणि दुसरीकडे वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा अशी फारकत आपल्या संगीतशाळेच्या जन्मापासून नव्हती. ज्या माणसाने ही शाळा राजाश्रय सोडून लोकांच्या पैशावर उभी केली, त्याने दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली ठेवल्या होत्या. पुढे परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी आणि त्यांच्यामागून विद्यापीठांनी त्यातला एकच भाग उचलला. आजच्या संगीत विभागांचे दुखणे वर्गात गाणे शिकवल्यामुळे आलेले नाही. शाळेचा उरलेला अर्धा भाग मागे राहिला, त्यामुळे ते आले आहे.

शाळा येण्यापूर्वी गाणे शिकणे म्हणजे काय होते, हे पाहायला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे आयुष्य पुरेसे आहे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्या बुवांनी तरुणपणी गाण्यासाठी गावोगाव पायपीट केली, धारला देवजीबुवांकडे घरगड्यासारखी कामे करत शिक्षण घेतले, आणि गुरुपत्नीच्या नाराजीमुळे तो आसराही सोडला. पुढे वासुदेवबुवा जोशींकडे त्यांना मनासारखी तालीम मिळाली, म्हणून ही कथा आपण श्रद्धेने सांगतो. ज्यांना वासुदेवबुवा भेटले नाहीत, त्यांची कथा सांगायला कोणी उरले नाही. घराण्याच्या शिक्षणाचा हिशेब मांडताना आपण पोचलेल्यांचीच नावे मोजतो. वाटेत गळाले त्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही. विद्यापीठाच्या बाबतीत मात्र नापास झालेल्यांचीही यादी लागते, आणि दोन व्यवस्थांची तुलना करणारा माणूस हा फरक सहज विसरतो.

याच बाळकृष्णबुवांकडे मिरजेला विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. जन्म 1872 चा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले आणि शाळेच्या पुस्तकांचा रस्ता बंद झाला. मिरजेत संस्थानिकांचा आश्रय होता, गुरू थोर होता, तरीही 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. त्यांचे चरित्रकार याचे कारण सांगतात ते असे, की गावातल्या एका समारंभाला त्यांना आमंत्रण होते आणि इतर गायकांना, खुद्द गुरूंनाही, नव्हते. गवयाला दरबारात बिदागी मिळते पण पंगतीत पान मिळत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. नंतरच्या सगळ्या खटपटीचे मूळ इथे आहे. 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले आणि 1908 मध्ये मुंबईत शाखा सुरू केली. त्यांच्या आधी बडोद्याला मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1886 मध्ये गायनशाळा चालू केली होती, पुण्याचा गायन समाज तर 1874 चा. त्यामुळे वर्गात गाणे शिकवण्याची कल्पना पलुस्करांची नव्हे. त्यांचे वेगळेपण असे, की शाळेचा खर्च फी, वर्गणी, तिकीट लावून केलेले जलसे आणि स्वतःच्या छापखान्यातली स्वरलिपीची पुस्तके यांतून भागवायचा, आणि त्या शाळेत माणसांचे दोन वर्ग ठेवायचे, हे त्यांनी ठरवले.

पहिला वर्ग येणाऱ्या-जाणाऱ्यांचा होता. नोकरदार, विद्यार्थी, बऱ्या घरच्या बायका फी भरून तासाला येत, ठरलेले राग आणि चिजा शिकत, परीक्षा देत आणि घरी जात. दुसरा वर्ग उपदेशकांचा. यातली मुले शाळेतच राहत. जेवण, राहणे, शिक्षण सगळे शाळेचे. बदल्यात नऊ वर्षांचा करार. गुरूसमोर बसून तालीम घ्यायची आणि हात तयार झाला की पहिल्या वर्गातल्या लोकांना शिकवायचे. पहिल्या वर्गाची फी दुसऱ्या वर्गाचे पोट भरत होती आणि दुसरा वर्ग पहिल्याला मास्तर पुरवत होता. जुन्या गुरुगृहातली सेवा इथेही होती, पण ती धुणीभांड्यांपुरती न राहता शिकवण्याच्या रूपाने होऊ लागली, आणि तिला मुदत आली. देवजीबुवांच्या घरी जे केवळ घरच्यांच्या मर्जीवर अवलंबून होते, ते इथे कराराने बांधले गेले. माझ्या मते पलुस्करांचा सर्वांत मोठा शोध स्वरलिपी नव्हे, प्रार्थनासभांतले गायन नव्हे, तर ही जोडणी आहे.

या वर्गातून आणि त्याच्या आसपास घडलेली माणसे पाहिली की शाळेत गवई होत नाहीत हे वाक्य जड जाते. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही सगळी पलुस्करांची शिष्यमंडळी. ओंकारनाथांवर 1916 मध्ये, विशीही ओलांडली नव्हती तेव्हा, लाहोरच्या शाळेची जबाबदारी आली. विनायकरावांनी गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांबरोबर जवळपास दहा वर्षे रंगभूमी गाजवली आणि मग 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. देवधरांनी 1925 मध्ये मुंबईत आपली शाळा सुरू केली, आणि 1936 च्या सुमारास तिथे एक लहान मुलगा शिकायला आला, तो कुमार गंधर्व. कोणी म्हणेल, कुमार मुळातच अलौकिक होते, शाळेचे त्यात काय? पण अलौकिक मुलालाही राहायला जागा, ऐकायला निरनिराळ्या घराण्यांची गाणी आणि डोक्यावर एक जाणता माणूस लागतो. ते तिन्ही त्यांना देवधरांच्या शाळेत मिळाले, कारण देवधरांनी शाळेचे दार बंद होण्याच्या वेळेशी शिक्षणाचा संबंध ठेवला नाही.

पलुस्करांच्या वाटेला आदर्श म्हणणाऱ्यांचा एक आक्षेप भातखंड्यांवर असतो, आणि तो ऐकून घ्यायला हवा. विष्णु नारायण भातखंडे वकील, ग्रंथकार, संग्राहक. त्यांनी दहा थाट मांडले, उस्तादांकडून शेकडो बंदिशी मिळवून क्रमिक पुस्तकमालिकेत छापल्या, 1916 पासून संगीत परिषदा भरवल्या आणि 1926 मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभे केले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला फुली, खालीला शून्य, एवढ्या खुणांनी बंदिश कागदावर बसते. पण आंदोलन, मींड, लगाव कागदावर बसत नाही, आणि कॉलेजने कागदालाच गाणे मानले, असा तो आक्षेप. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा भाग लखनौच्या प्रत्यक्ष इतिहासाशी जुळत नाही. तिथले प्राचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर मुंबईचे पदवीधर होते आणि फैयाज खाँसाहेबांचे शागीर्दही होते. बैलहोंगलचे के. जी. गिंडे अकरा-बारा वर्षांच्या वयात लखनौला गेले ते रातंजनकरांच्या घरी राहायला. एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, चिदानंद नगरकर, सुमती मुटाटकर ही सगळी त्याच कॉलेजची माणसे. वेळापत्रकात लिहिलेला तास संपल्यावर जे चाले, त्यातून ती घडली. म्हणजे पोथीवादी समजल्या गेलेल्या लखनौतही वर्ग आणि घर एकत्रच होते; फक्त घराची नोंद कॉलेजच्या कागदांत नव्हती. आणि ज्याची कागदावर नोंद नसते, ते पुढची पिढी संस्था हातात घेते तेव्हा सोबत येत नाही.

नेमके तेच झाले. पलुस्कर 1931 मध्ये गेले. मुंबईची इमारत त्यांच्या हयातीतच कर्जापायी गेली होती, आणि इमारतीबरोबर उपदेशक वर्गाचे अन्नछत्रही गेले. शिष्यांनी त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही परीक्षांची उतरंड गावोगाव नेली. त्या मंडळींपुढचा प्रश्न समजून घेतला पाहिजे. वसतिगृह चालवायला पैसा नव्हता, परीक्षा मात्र फीवर चालते. दरबार संपत आले होते, बोलपटांमुळे नाटक मंडळ्या कोसळत होत्या, आणि गाणाऱ्याला खात्रीची मिळकत शाळेतल्या संगीतशिक्षकाच्या जागेत, शिकवण्यांत आणि पुढे रेडिओत दिसत होती. त्या जागेसाठी प्रमाणपत्र लागे. बी. व्ही. केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने कलावंतांची चाचणी सुरू केली, ती घेणाऱ्या मंडळावर रातंजनकर होते, आणि दरबारात वाढलेल्या बुजुर्गांना शास्त्राचे प्रश्न विचारले गेले तेव्हा मोठा गहजब झाला. गाण्याच्या धंद्यात कागदाला किती वजन आले, हे त्या वादाने सगळ्यांना दाखवले.

विशारदच्या तोंडी परीक्षेत ही व्यवस्था जवळून दिसते. विद्यार्थी तंबोरा जुळवतो, निवडलेल्या रागात बडा ख्याल आणि छोटा ख्याल थोडा वेळ मांडतो, मग परीक्षक दुसऱ्या रागाचे आरोह-अवरोह विचारतात, दोन जवळच्या रागांतला फरक गाऊन दाखवायला सांगतात, हाताने टाळी-खाली देत ठेक्याची दुगुन म्हणायला लावतात. यात वाईट काही नाही. राग ओळखणारा, ताल न चुकवणारा, लहान गावात पंधरा-वीस मुलांना नीट सुरू करून देणारा शिक्षक या चाचणीतून निवडता येतो, आणि तसे हजारो शिक्षक मंडळाने महाराष्ट्राला दिले. नगर-सोलापूर-अकोल्यासारख्या शहरांत शास्त्रीय संगीताला श्रोता मिळतो, त्याचे मोठे कारण हे शिक्षक आहेत. पण ही शिक्षकाची परीक्षा आहे. तिला गवयाची परीक्षा समजून नंतर ती नापास झाली म्हणणे अन्यायाचे आहे.

या इतिहासावर सर्वांत गंभीर आक्षेप तिसराच आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. संगीतशाळेने मध्यमवर्गीय, बहुतेक ब्राह्मण मुलामुलींना गाण्याचा प्रतिष्ठित रस्ता दिला, तो देताना ज्यांनी गाणे पिढ्यान्‌पिढ्या जतन केले त्या मुसलमान उस्तादांना आणि कलावंतीणींना बाजूला सारले, असे इतिहासाचे अभ्यासक दाखवतात. पलुस्करांच्या शाळेतले भजन-प्रार्थनेचे वातावरण आणि भातखंड्यांचे उस्तादांच्या अडाणीपणाबद्दलचे मत पाहता हा आक्षेप टाळता येत नाही. तो मान्य करूनच दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. अब्दुल करीम खाँसाहेबांनीही पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले होते. शाळेचा साचा कोणा एका जातीधर्माचा नव्हता. आणि ज्या बायकांना कुटुंबाबाहेरच्या पुरुषासमोर बसून शिकणे अशक्य होते, त्यांना वर्गाने ते शक्य केले. बेगम अख्तर पुढे लखनौच्याच कॉलेजात शिकवायला आल्या, ही गोष्टही विसरू नये. तरीही परंपरेने गाणाऱ्या घरांना विद्यापीठाच्या दारात पदवीचा अडसर लागला, हे खरेच आहे.

विद्यापीठे या साऱ्यानंतर आली आणि त्यांच्या हाती परीक्षेचा साचा तयार होता. बनारसला 1950 मध्ये ओंकारनाथ ठाकूर संगीत विभागाचे प्रमुख झाले, बडोद्याची गायनशाळा सयाजीराव विद्यापीठात गेली, मुंबई विद्यापीठात 1969 मध्ये संगीत विभाग निघाला. जिथे एखादा ओंकारनाथ होता, तिथे एन. राजम यांच्यासारखी शिष्या त्याच परिसरात घडली आणि पुढे तिथेच शिकवूही लागली. एस.एन.डी.टी.त संगीत विभाग सांभाळणाऱ्या प्रभा अत्रे डॉक्टरेट मिळवलेल्या होत्या, पण त्यांची तालीम सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांची. पुणे विद्यापीठाने 1987 मध्ये ललित कला केंद्र काढले तेव्हा नावातच गुरुकुल हा शब्द घेतला, म्हणजे काय हरवले आहे याची जाण तिथे होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांतही अध्यापक नेमताना परंपरेने शिकलेल्या, आकाशवाणीची अ श्रेणी मिळवलेल्या कलावंतासाठी वेगळी वाट ठेवलेली आहे.

यावर असे म्हणता येईल, की विद्यापीठाने गवई घडवण्याचा हट्टच सोडावा; संगीताचा इतिहास, समीक्षा, ध्वनिशास्त्र हे त्याचे खरे काम. अशोक रानड्यांचे लेखन वाचले की या म्हणण्यात बळ वाटते. पण रानडे स्वतः गाणारे होते, आणि गळ्यात राग नसलेल्या अभ्यासकाने रागाबद्दल लिहिलेले वाचायला मिळते तेव्हा काय कमी आहे ते पहिल्या पानावर कळते. शिवाय अठरा वर्षांची मुलगी संगीत विभागात अर्ज भरते ती गायला. तिला प्रवेश देऊन, तिची तीन अधिक दोन वर्षे घेऊन, गाणे तुझे तू बाहेर पाहा म्हणणे बरोबर नाही. पैसा नाही हे कारणही पुरते पटत नाही. पलुस्करांकडे आजच्या कुठल्याही विद्यापीठाइतका पैसा कधीच नव्हता. त्यांच्याकडे हिशेब होता: शिकणाऱ्या पुष्कळांच्या फीवर राहणारे थोडे पोसायचे, आणि त्या थोड्यांनी पुष्कळांना शिकवायचे. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक संगीत विभागांत गाणारा माणूस तासिका तत्त्वावर येतो. त्याला घेतलेल्या तासाचे मानधन मिळते, सुटीत मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावणे येईल की नाही हे त्याला माहीत नसते. अशा माणसाकडून विद्यार्थ्याने नऊ वर्षांची तालीम मागायची म्हणजे ती त्याच्या घरी, त्याच्या फुकटच्या वेळात मागायची. ती अनेक जण देतातही, आजही, आणि विभागाच्या अहवालात तिची एक ओळ येत नाही. ती ओळ अहवालात आणि अंदाजपत्रकात यावी, गुरूला वर्षांचा करार मिळावा, निवडक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन खालच्या वर्गांचे अध्यापन त्यांच्याकडे सोपवावे, ही मागणी नवी नाही. 1901 मध्ये लाहोरला सुरू झालेल्या शाळेत ती अमलात आलेली होती.