बाटलीतली जात

इतिहास म्हणजे झालेल्या गोष्टींची नोंद, असं पुस्तकं सांगतात. पण आपली नोंद कुणी केली? ज्यांच्या हातात बोरू होता त्यांनी आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं, तसंच चोपडीबाहेरही ठेवलं. तेव्हा मित्रांनो, मी आज जरा उलटा धंदा करतोय. जे साम्राज्य पृथ्वीवर कधी झालंच नाही, त्याचा इतिहास लिहितोय. कारण त्या खोट्या साम्राज्यात जात तयार करायच्या कारखान्याचं दार सताड उघडं ठेवलंय. खऱ्या साम्राज्यांनी ते दार कायम बंद ठेवलं आणि दारावर देवाचं नाव लिहिलं.

हे साम्राज्य रचलं ऑल्डस हक्सले नावाच्या इंग्रज लेखकानं. कादंबरी 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', साल १९३२. त्याच साली २४ सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात पुणे करारावर सह्या झाल्या. हक्सले १९२५-२६ मध्ये हिंदुस्थान हिंडून गेला होता, त्या प्रवासावर त्यानं पुस्तकही लिहिलं. आणि कादंबरीतल्या माणसांच्या थरांना तो शब्द लावतो 'कास्ट'. आपल्या देशाला चिकटलेला हाच शब्द त्यानं इंग्लंडच्या भविष्याला चिकटवला.

त्या साम्राज्याचा शक फोर्डचा. हेन्री फोर्ड या अमेरिकन मोटारवाल्यानं १९०८ साली टी मॉडेलची मोटार बाजारात आणली, तिथून कालगणना सुरू. कथा घडते ती शक ६३२ मध्ये. क्रॉसच्या वरच्या काड्या छाटून त्यांचा टी केलाय. देव गेला आणि त्याच्या पाटावर कारखानदार बसला. सगळ्या जगाचं राज्य दहा नियंत्रक चालवतात. लोकांचे थर पाच: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन. त्यातही अधिक-उणे असे पोटभेद आहेत. पोटजातीशिवाय जात कुठं असते?

तिथं आईच्या पोटी कुणी जन्मत नाही. गर्भ बाटलीत वाढतो. बाटल्या पट्ट्यावरून सरकतात, दिवसाला ८ मीटर, २६७ दिवस, एकूण २१३६ मीटर. मी सूतगिरणीत पाळी करणारा माणूस. पट्ट्यावरून सरकणारा माल मला कळतो. पण इथं सरकणारा माल माणूस आहे. ज्याला खालच्या जातीत घालायचा त्याच्या बाटलीचा प्राणवायू कमी करतात. जात जितकी खालची, तितका श्वास कमी. एका अंड्यातून ९६ पर्यंत जुळी माणसं काढतात. का? तर ९६ सारख्या यंत्रांवर ९६ सारखी माणसं उभी करायला. ज्यांना खाणीत, पोलादाच्या भट्टीवर किंवा कृत्रिम रेशमाच्या सुतावर जायचंय, त्यांना बाटलीत असतानाच गारव्याची भीती घालतात. गारवा आला की त्रास, ऊब आली की बरं. म्हणजे मोठेपणी उकाड्याच्या खात्यात उभा केला तरी तो पंखा मागणार नाही. मालकाचं याहून गोड स्वप्न कुठलं?

आपल्याकडं हा कारखाना पुरुषसूक्तात आहे. मुखातून ब्राह्मण, बाहूतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य, पायांतून शूद्र. फरक एवढाच की हक्सलेच्या कारखान्यात बाटलीवर लेबल डकवणारा कारकून दिसतो. पुरुषसूक्तात कारकून लपलाय. म्हणून तिथल्या जातीला माणसानं केलेली म्हणता येतं, आणि आपल्या जातीला हात लावला की धर्म बुडतो.

आता त्यांच्या चालीरीती बघा.

पहिली रीत कपड्याची. अल्फा करड्या कपड्यात, गॅमा हिरव्या, डेल्टा खाकी, एप्सिलॉन काळ्या. लांबूनच कळलं पाहिजे कोण येतोय. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये १९३६ साली लिहून ठेवलंय की पेशवाईत अस्पृश्याला मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं. त्याच पुस्तकात इंदूरकडच्या बलाई लोकांची हकीकत आहे. १९२८ साली सवर्णांनी त्यांना फर्मान काढलं: रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. हक्सलेनं हे रंग कल्पनेतून काढले असतील. आपल्या आज्यापणज्यांनी ते अंगावर वागवले.

दुसरी रीत शिक्षणाची, खरं म्हणजे शिक्षण तोडायची. आठ महिन्यांची डेल्टा पोरं, खाकी कपड्यातली, रांगत रांगत चित्रांच्या पुस्तकांकडं आणि गुलाबांकडं जातात. पुस्तकाला हात लागला रे लागला की भोंगा किंचाळतो. मग फरशीतून विजेचा झटका. असा धडा २०० वेळा. पुढं जन्मभर ती पोरं पुस्तक बघितलं की दचकणार. वाचताना अंगावर काटा आला, पण नवल वाटलं नाही. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओता, हे गौतम धर्मसूत्रात लिहिलेलंच आहे. हक्सलेच्या राज्यात वीज होती, यांच्या राज्यात चूल होती. काम तेच.

तिसरी रीत सगळ्यांत घातक, आणि ती आपल्या कामाची. पोरं झोपली की उशीखालचा कर्णा हळू आवाजात धडा म्हणतो. बीटाच्या पोरांना काय सांगतात? की अल्फा फार हुशार, पण त्यांना फार राबावं लागतं, तेव्हा आपण बीटा आहोत तेच बरं. आणि गॅमा मूर्ख, डेल्टाच्या पोरांशी खेळायचं नाही, एप्सिलॉन तर त्याहून वाईट. हा धडा १२० वेळा, आठवड्यातून तीनदा, तीस महिने. मी हिशेब केला, पंचेचाळीस हजारांच्या वर जातो. पण या धड्यात नुसतं 'तू खालचा' असं कुठं आहे? 'तू खालचा, पण तुझ्या खाली आणखी कुणी आहे' असं आहे. यालाच बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणतात. वर बघताना मान झुकते, खाली बघताना नाक मुरडतं. मधल्या प्रत्येकाला गुलामीसोबत थोडी मालकी मिळते. त्या थोड्या मालकीसाठी तो पूर्ण गुलामी सांभाळतो.

चौथी रीत सोमा. वेदातल्या पेयाचं नाव, पण इथं गोळी. काम संपलं की गोळी वाटतात. दुःख झालं की गोळी. डोकं जड होत नाही, उलटी नाही. आपल्याकडं गुत्ता होता, जत्रा होती, मागच्या जन्मीचं पाप होतं. आता मोबाईल आहे.

मरणाची रीत ऐकण्यासारखी आहे. प्रेतं जाळताना धुराड्यातून फॉस्फरस काढून घेतात, एका प्रेतामागं दीड किलोहून जास्त, शेतात खत म्हणून. त्यावर एक बाई बोलून जाते की अल्फाच्या राखेतून एप्सिलॉनपेक्षा जास्त रोपं उगवत नाहीत हे विचित्रच. सोबतचा गडी कबूल करतो, रसायन म्हणून सगळी माणसं सारखीच. म्हणजे त्या नीच साम्राज्यातसुद्धा स्मशान एक आहे! आमच्या कितीतरी गावांत अजून तेही एक नाही.

आता इतिहास. हे साम्राज्य उभं राहिलं ते नऊ वर्षांच्या युद्धातून, माणसं मारून. शांतपणे जगू म्हणणाऱ्या आठशे लोकांना मशीनगननं कापलं. ब्रिटिश म्युझियममध्ये पुस्तकवेड्या दोन हजारांना विषारी वायू सोडून मारलं. मग संग्रहालयं बंद, स्मारकं सुरुंगानं उडवली, शक १५० च्या आधीची सगळी पुस्तकं बाद. मुस्तफा माँड नावाचा नियंत्रक पोरांना समजावतो की इतिहास म्हणजे थोतांड. हे सांगताना हात असा हलवतो की जणू हातात पिसांचा झाडू आहे. एक झटका, हडप्पा गेलं. एक झटका, अथेन्स आणि रोम गेलं. आणि एका झटक्यात जाणाऱ्यांत गोतम आहे. आपला गोतम बुद्ध.

इथं मी थांबलो. जातीचं राज्य करणाऱ्याला बुद्ध का झाडावा लागतो? कारण बुद्ध म्हणजे पुरावा. पूर्वी कुणीतरी जन्मावरचा मोठेपणा नाकारला होता, संघात सगळ्यांना घेतलं होतं, याचा पुरावा. जिथं पुरावा शिल्लक राहतो तिथं माणूस विचारतो, असं नेहमीच होतं का? या देशातही तो झाडू फिरला होता. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धूळ म्हणून झाडलेलं ते पुन्हा उचललं, लाखो हातांनी.

माँडकडं आणखी एक पत्ता आहे. तो सांगतो, शक ४७३ मध्ये सायप्रस बेट रिकामं करून तिथं बावीस हजार नुसते अल्फा ठेवले. हलकी कामं करायला कुणी तयार होईना. सहा वर्षांत यादवी, एकोणीस हजार मेले, उरलेले नियंत्रकांच्या पाया पडत आले. तेव्हा समाज हिमनगासारखा हवा, आठ हिस्से पाण्याखाली, एक वर. हा युक्तिवाद तुम्ही ऐकलाय. पारावर, ऑफिसात, कॉलेजच्या कट्ट्यावर. सगळेच साहेब झाले तर मैला कोण उचलणार? उत्तर कादंबरीतच पडलंय, माँडच्याच तोंडी. कष्ट वाचवणाऱ्या यंत्रांचे हजारो आराखडे त्यांच्या दप्तरात धूळ खात आहेत, मुद्दाम. यंत्र आलं तर खालची जात कशाला लागेल? मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा या देशात १९९३ ला झाला, दुसरा २०१३ ला झाला. यंत्रं आहेत. तरी माणूस गटारात उतरतो आणि गुदमरून मरतो. तो कुठल्या वस्तीतला असतो हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. जात म्हणजे कामाची वाटणी नव्हे, कामगारांची वाटणी, हे १९३६ सालीच सांगून झालंय.

एवढं सगळं दाखवलं म्हणून हक्सलेला रामराम. पण आता माझं त्याच्याशी भांडण. त्याच्या साम्राज्यात बंडाचा विचार करतात ते अल्फा, नाहीतर बाहेरून आलेला एक रानटी ठरवलेला गोरा पोरगा. हा पोरगा इस्पितळात १६२ डेल्टांपुढं सोमाच्या गोळ्या खिडकीबाहेर फेकतो, म्हणतो तुम्ही मुक्त व्हा. तर डेल्टाच त्याच्या अंगावर धावतात. म्हणजे लेखकाचं म्हणणं, खालच्याला मुक्ती नकोच असते. वरचे लोक तिथंही एकमेकांना हेच सांगतात, एप्सिलॉनला काही वाटत नाही, त्याला दुसरं माहीतच नाही. "त्यांना सवय असते" हे वाक्य तुम्ही कुठं ऐकलंय का?

हक्सलेचं पुस्तक यायच्या पाच वर्षं आधी, २० मार्च १९२७ ला महाडात चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. त्याच साली २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्याला बंदी. कारण धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आमच्या थुंकीनं सूत बाटत होतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी पुढाऱ्यांपुढं मांडली, तेव्हा कुठं त्यांना ती दिसली. तळ्यावर गेलेले लोक कुणी बाहेरून मुक्त केलेले नव्हते. हजारो वर्षांचा झोपेतला धडा कानात घेऊन ते गेले, तरी गेले. या कादंबरीत ते पान नाही. ते पान आपण जोडायचं.

पुस्तकात एक लिफ्टवाला आहे, एप्सिलॉन. गच्चीवर पोचला की दार उघडतं, दुपारचं ऊन आत येतं आणि तो झोपेतून जागा झाल्यासारखा हरखतो. लगेच कर्णा हुकूम देतो, खाली, अठराव्या मजल्यावर. तो खाली जातो. १९२० साली 'मूकनायक'मध्ये बाबासाहेबांनी हिंदू समाजाला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. हक्सलेनं त्या मनोऱ्याला लिफ्ट बसवली, ती चालवायला आपला माणूस ठेवला आणि उतरायची परवानगी फक्त दुसऱ्यांना दिली. मुंबईतल्या काही सोसायट्यांत आजही कामवाल्यांची लिफ्ट वेगळी असते.

शेवटचा प्रश्न आपल्याला. बीटाच्या पोरांचा तो धडा आपल्या वस्तीत वाजत नाही का? "आम्ही अमके, ते तमके, त्यांच्यात पोरगी द्यायची नाही." हे मी बुद्धविहाराच्या पायरीवर ऐकलंय. गळ्यात निळा गमछा आणि उशीखाली तोच कर्णा, असं चालायचं नाही. हा कर्णा वरच्यांनी बसवला हे खरं, पण रोज रात्री चावी आपणच देतो. तेव्हा पुढची बैठक आपल्या वस्तीत ठेवू नका. मातंग वस्तीत ठेवा, मेहतर वस्तीत ठेवा. भाषण थोडं करा, जेवण तिथंच घ्या. आणि सोयरिकीचा विषय निघाला की उठून जाऊ नका.