चाळीसगावचा रेम्ब्रां आणि बंद दाराआडचे जग

चाळीसगाव हे जळगाव जिल्ह्यातले जंक्शन. धुळ्याकडे जाणारा रेल्वेचा फाटा इथूनच सुटतो. स्टेशनाजवळच एक दगडी घर आहे. कैखुश्रू माणेकजी उर्फ केकी मूस (१९१२–१९८९) यांनी त्याचे नाव ठेवले ‘रेम्ब्रांज रिट्रीट’, म्हणजे रेम्ब्रांचा एकान्तवास. मुंबईत जन्मलेला, इंग्लंडमध्ये कला शिकलेला हा पारशी कलावंत १९३० च्या दशकाअखेरीस इथे परतला आणि पुढची सुमारे ५० वर्षे क्वचितच उंबरठ्याबाहेर पडला.

कारण म्हणून एक आख्यायिका सांगितली जाते. प्रेयसीने रेल्वेने येऊन सोबत जेवण्याचे वचन दिले होते. म्हणून रोज रात्री गाडीच्या वेळी दार उघडे आणि ताटे दोन. कथा हृद्य आहे, पण तिने कलावंताला गिळून टाकले. नुसती वाट पाहणाऱ्याच्या हातून छायाचित्रे, चित्रे, शिल्पे यांचा एवढा संसार उभा राहत नाही.

घराच्या नावाकडे अधिक गांभीर्याने पाहायला हवे. रेम्ब्रांने स्वतःला सुमारे ८० वेळा रेखाटले. १६५६ मध्ये तो दिवाळखोर झाला. अधिकाऱ्यांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या त्याच्या घरातील चीजवस्तूंची खोलीगणिक यादी केली आणि १६५८ मध्ये घर विकले गेले. त्याच वर्षीच्या आत्मचित्रात तो सोनेरी वस्त्रात, हाती काठी घेऊन राजासारखा बसला आहे. खासगी म्हणावे असे त्याच्यापाशी आता चेहऱ्याखेरीज फारसे उरले नव्हते.

मूस यांचे उलट झाले. खोली शाबूत राहिली, म्हणून त्यांनी जगच आत आणले. त्यांची कीर्ती ‘टेबल-टॉप’ छायाचित्रणाची: टेबलावर क्षुल्लक वस्तू मांडायच्या आणि प्रकाशाच्या करामतीने त्यांतून विस्तीर्ण निसर्गदृश्य उभे करायचे. या प्रकारात भिंगाचे छिद्र बारीक ठेवून फिल्मवर दीर्घकाळ प्रकाश पाडतात. जवळचे-दूरचे सारखेच स्पष्ट दिसते आणि वस्तूच्या खऱ्या आकाराचा पत्ताच लागत नाही. त्यात चेहरा नसला, तरी एका माणसाचा एकान्त त्यात पुरता उतरतो. आत्मचित्र याहून वेगळे काय करते?

अ‍ॅमस्टरडॅमचे घर १९११ पासून संग्रहालय आहे. पुढे त्याच्या खोल्या पुन्हा सजवताना दिवाळखोरीची तीच यादी कामी आली. चाळीसगावचे घरही आता संग्रहालय आहे. गाडीची गोष्ट विनासायास टिकेल. चाळिशी ओलांडणाऱ्या खानदेशी उन्हाळ्यात जुन्या निगेटिव्ह टिकवणे मात्र खर्चाचे आणि रोजचे काम आहे.